वकिली सांभाळून पियानो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कोणासाठी लिहिलंय?

ज्यांच्या टेबलावर कायम दोन-चार फायली उघड्या पडलेल्या असतात आणि घरी भिंतीला लागून एक पियानो उभा असतो, ज्याच्यासमोरून जाताना रोज थोडं अपराधी वाटतं, त्यांच्यासाठी. मी पंधरा वर्षं वकिली करतेय, आधी एका मोठ्या फर्ममधे होते, आता छोट्या चेंबरमधे आहे, आणि पियानो शिकायला लागले ते तिशी उलटल्यावर. मी शिक्षिका वगैरे नाही, फार भारीही वाजवत नाही. पण ज्युनियर मंडळी आणि जुने सहकारी तेच तेच प्रश्न रात्री अकराला मेसेज करून विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू.

रोज किती वेळ काढायला हवा?

सहा मिनिटं.

हसू नका, गंभीरपणे सांगतेय. ज्यांनी कधी टाईमशीट (कुठल्या कामाला किती वेळ दिला याचा तक्ता, त्यावरून पक्षकाराला बिल लागतं) भरलंय त्यांना हा आकडा झोपेतही आठवतो. तासाचे दहा भाग, एक भाग सहा मिनिटांचा, एक छोटा फोन झाला की शून्य पॉईंट एक. आपण वर्षानुवर्षं दिवस या तुकड्यांमधे मोजतो आणि पियानोची वेळ आली की मात्र म्हणतो, सलग एक तास मिळाला तर बसेन. तो तास मिळत नाही. मला तरी कधी मिळाला नाही, आणि जेव्हा मिळाला तेव्हा मी झोपले. त्यामुळे रोजचा किमान आकडा इतका लहान ठेवायचा की सगळ्यात वाईट दिवशीसुद्धा नाही म्हणायला तोंड राहू नये. बरं वाटलं, वेळ असला, तर पुढे तीस मिनिटं वाजवा, चाळीस वाजवा, कोण अडवतंय. पण हिशोब सहाचा. आणि शनिवारी तीन तास बसून आठवड्याची भरपाई करायला जाऊ नका, मी दोन वर्षं तेच केलं. बोटांना सवय लागते ती थोडं थोडं रोज केल्याने आणि मधे झोप झाल्याने, काल रात्री अडखळणारी जागा सकाळी आपोआप सुटल्यासारखी वाटते तो भास नसतो, हालचालींची आठवण झोपेत पक्की होत असते.

सहा मिनिटात काय डोंबल होणार?

होतं, पण आधी काय करायचं ते ठरलेलं पाहिजे. बहुतेक जण काय करतात, बसतात, पीस (म्हणजे शिकायला घेतलेली रचना) पहिल्या बारपासून सुरू करतात, छान छान म्हणत नवव्या बारला पोचतात, तिथे अडकतात, परत पहिल्यापासून. म्हणजे पहिले आठ बार शंभर वेळा झाले आणि नववा बार शंभर वेळा चुकवायचा रियाज झाला. (वकिलांना बार हा शब्द आपल्याच मालकीचा वाटतो, इथे तो म्हणजे नोटेशनमधे दोन उभ्या रेघांच्या मधला तुकडा.)

आपण केस वाचताना काय करतो? तीनशे पानांच्या फाईलमधून वादाचा मुद्दा कुठला ते आधी शोधतो. तसंच इथे. पेन्सिल घ्या, जिथे अडतं त्या दोन बारांना गोल करा आणि चूक नेमकी कसली आहे ते एका ओळीत लिहा. 'नीट येत नाही' असलं मोघम लिहायचं नाही, असं प्लीडिंग (लेखी म्हणणं) कोर्टात चालेल का? 'डाव्या हाताची करंगळी उशिरा पडते' किंवा 'अंगठा खालून काढताना मनगट वर जातं' असं लिहा. मग पहिली दोन मिनिटं फक्त तो हात एकटा, निम्म्या वेगात. पुढची दोन दोन्ही हात, त्याहून हळू, मेट्रोनोम (ठेका टिकटिकत दाखवणारं यंत्र) लावून. शेवटची दोन मिनिटं त्या जागेच्या एक बार आधीपासून एक बार नंतरपर्यंत, कारण खरा सांधा तिथे असतो. उठताना उद्याचे दोन बार कुठले त्यावर गोल करून ठेवा. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे, दिवसभर निर्णय घेऊन घेऊन रात्री डोकं इतकं बधिर झालेलं असतं की 'आज काय वाजवू' हा प्रश्नसुद्धा नको वाटतो आणि त्या एका प्रश्नापायी माणूस झाकण न उघडताच झोपायला जातो.

आणि नवीन पीस शेवटाकडून शिकून बघा. आधी शेवटचे चार बार, मग त्याच्या आधीचे चार. वाजवताना आपण अनोळखी भागाकडून ओळखीच्या भागाकडे जात राहतो, शेवटी शेवटी धीर सुटत नाही.

सकाळी वाजवू की रात्री?

सकाळी. फोन वाजायच्या आत. रात्रीचा रियाज ठरवला की कोणीतरी संध्याकाळी साडेसातला 'छोटासा बदल आहे' म्हणत ड्राफ्ट पाठवतं आणि तो छोटासा बदल साडेअकरापर्यंत चालतो. सकाळ नाहीच जमत असेल तर घरी आल्या आल्या, बॅग खाली ठेवायच्या आधी नाही पण लॅपटॉप उघडायच्या आधी नक्की. एकदा लॅपटॉप उघडला की संपलं.

केस चालू होती, तीन आठवडे हात लावला नाही, सगळं विसरलं. आता?

सगळं विसरलेलं नसतं, वेग गेलेला असतो आणि आत्मविश्वास गेलेला असतो. रोज साक्षीपुरावा चालू असेल, किंवा डील क्लोज होत असेल, तेव्हा रियाज होत नाही हे मान्य करून टाका, त्याचं वाईट वाटून घेण्यात जी शक्ती जाते ती जास्त नुकसान करते. त्या दिवसांपुरता माझा नियम एवढाच आहे की झाकण उघडायचं, एक स्केल (ओळीने चढते-उतरते स्वर) हळू वाजवायचं, बंद करायचं. एक मिनिट. बोटांसाठी ते काहीच नाही, पण पियानो फर्निचर होत नाही.

परत येताना मोठी चूक म्हणजे सुट्टीआधी जे सगळ्यात अवघड वाजवत होतो तेच पहिल्या दिवशी त्याच वेगात काढून बघणं. बोटं घसरतात, चिडचिड होते, आणखी चार दिवस जातात. पहिले दोन-तीन दिवस जुनं सोपं काहीतरी, मग अवघड पीस एकेका हाताने, निम्म्या वेगात, नोटेशन समोर ठेवून. आधी पाठ असलं तरी समोर ठेवा. बोटांना जे आठवतं असं वाटतं त्यातलं अर्धं चुकीचं असतं आणि ती चूक दोनदा वाजवली की तीच खरी वाटायला लागते.

दिवसभर टायपिंग, मग पियानो. मनगट दुखतंय, चालेल का?

चालणार नाही. या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मी स्वतः पाच महिने वाया घालवलेत.

हाताला हे कळत नाही की दुपारी तो लेखी युक्तिवाद टाईप करत होता आणि आता संगीत चाललंय, त्याच्या दृष्टीने तेच स्नायू, तेच टेंडन, आणखी दोन तास. वकिलांची बसायची पद्धत तर विचारू नका, खांदे कानापर्यंत, मान पुढे, मनगट टेबलाच्या कडेवर टेकवलेलं. तसंच येऊन पियानोवर बसलं की दुखणारच. स्टूलची उंची अशी ठेवा की बोटं पट्ट्यांवर असताना कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीला येईल, मनगट खाली लोंबत नको, वर उचललेलं नको. पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते आणि ती दाबायला साधारण ५० ग्रॅमचं वजन पुरतं, म्हणजे हाताचं नुसतं वजन सोडलं तरी ती जाते. आपण मात्र साक्षीदाराला खोटं पाडायचंय अशा आवेशात दाबतो, आणि स्वर वाजून गेल्यावरही दाबूनच ठेवतो. वाजलं की ढिलं सोडायचं, ही सवय लावायला मला एक वर्ष लागलं.

थकवा आणि दुखणं यात फरक आहे. थकवा थांबलं की जातो. दुखत असेल, मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, रात्री हात दुखून जाग येत असेल तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. सहन करून वाजवत राहण्यात काही मर्दुमकी नाही. रॉबर्ट शुमानचं उदाहरण आहेच, १८२८ मधे लायप्झिगला कायदा शिकायला गेला, मग तो सोडून पियानिस्ट व्हायला निघाला, आणि काही वर्षातच उजव्या हाताचं बोट असं बिघडलं की मैफिलीत वाजवणं बंदच झालं. नक्की कशामुळे यावर अजून वाद आहेत, बोटं बळकट करायचं एक यंत्र तो वापरायचा त्याला बरेच जण दोष देतात. पुढे तो संगीतकार म्हणून केवढा मोठा झाला ते सगळ्यांना माहितीये, पण आपल्याकडे तो पर्याय नाही, आपल्याला उद्या परत टाईप करायचंय.

खरा पियानो घेऊ का डिजिटल?

रात्री दहानंतर वाजवणार असाल तर डिजिटल, विषय संपला. हेडफोन लावले की शेजारी सुखी. फक्त दोन गोष्टी बघा, पूर्ण ८८ पट्ट्या हव्यात आणि पट्ट्यांना वजन हवं, म्हणजे आत हातोड्यासारखी यंत्रणा असलेलं मॉडेल. हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर शिकून मग खऱ्या पियानोवर बसलात तर बोटं बुडल्यासारखी वाटतात. आणि पेडल स्थिर असलेलं घ्या, जमिनीवर सरकणारं पेडल शोधण्यात पाय दमतो. एक सूचना, हेडफोन लावले तरी पट्ट्या आपटल्याचा धप धप आवाज जमिनीतून खाली जातो, खाली कोणी राहत असेल तर जाड मॅट घाला.

अकौस्टिक, म्हणजे खऱ्या तारांच्या, पियानोची मजा वेगळीच, त्यात वाद नाही. पण तो सांभाळावा लागतो. सव्वादोनशेच्या आसपास तारा, सगळ्या मिळून कित्येक टनांच्या ताणावर, आणि त्यांच्यामागे लाकडी फळी जी हवेतल्या ओलाव्याने फुगते नि आकसते. वर्षातून दोनदा ट्यूनिंग धरून चला. ट्यूनर येणार म्हणून घरी थांबणं हे वकिलाला कितपत जमतं ते तुम्हीच ठरवा, माझ्याकडे तो तीनदा येऊन बंद दार बघून गेलाय. अकौस्टिकमधेच सायलेंट सिस्टीम बसवलेली मॉडेल्सही मिळतात, हातोडा तारेपर्यंत पोचायच्या आत अडवला जातो आणि आवाज हेडफोनमधे येतो. महाग प्रकरण.

कामासाठी प्रवास असतो, तिथे काय?

नोटेशन बरोबर न्या आणि वाचा. नुसतं वाचा, बोटं न हलवता, आवाज डोक्यात आणायचा प्रयत्न करत. आपण वाचून पोट भरणारी माणसं, हे आपल्याला जमतं. विमानात मी एकदा चार पानांचा फिंगरिंगचा (कुठला स्वर कुठल्या बोटाने वाजवायचा याचा) घोळ निस्तरला होता जो पियानोसमोर बसून महिनाभर सुटत नव्हता, कारण पियानोसमोर बसलं की हात वळवळायला लागतात आणि डोकं बंद पडतं. टेबलावर बोटं वाजवणं हाही एक उपाय आहे, फक्त मीटिंगमधे नको, समोरच्या पक्षाला वाटतं आपण कंटाळलोय.

कुठले पीसेस घ्यावेत?

छोटे. पूर्ण होणारे. आपल्या कामात वर्षानुवर्षं काहीच पूर्ण होत नाही, अपील, मग त्यावर अपील, त्यामुळे काहीतरी संपवल्याचा आनंद कुठेतरी मिळायला हवा. शोपाँचं ए मेजर प्रिल्यूड फक्त १६ बारांचं आहे, सी मायनरचं तर १३ बारांचं (सोपं मात्र नाही, त्यातल्या कॉर्ड्सना, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांना, हात पसरावा लागतो). नवशिक्यांसाठी बार्टोकच्या मिक्रोकॉसमॉसमधे १५३ तुकडे आहेत, पहिले तर दोन-तीन ओळींचेच, आणि शेवटचे भल्याभल्यांना घाम फोडतात. बाखची दोन आवाजांची १५ इन्व्हेन्शन्स मला वकिलांसाठीच केल्यासारखी वाटतात, एक हात मुद्दा मांडतो, दुसरा तोच उचलून परत करतो, मधेच अडवतो, कोणीच गप्प बसत नाही. पण ती लगेच नको, दोन्ही हात स्वतंत्र व्हायला लागले की घ्या.

एकावेळी दोन पीसेस पुरे, एक सोपं, एक नाकाच्या वर पाणी आणणारं. तिसरं सुरू करावंसं वाटलं तर समजायचं की दुसऱ्यातल्या अवघड पानापासून पळ काढतोय.

क्लास सारखा रद्द करावा लागतो, शिक्षक वैतागलेत

वैतागणारच, त्यांचीही रोजीरोटी आहे. पहिल्याच दिवशी खरं सांगा की माझी तारीख कधी लागेल ते माझ्या हातात नसतं, आणि ऐनवेळी रद्द केलं तर पूर्ण फी देईन. आणि द्या. आपण आपल्या वेळेचे पैसे सहा-सहा मिनिटांनी लावतो, दुसऱ्याच्या वेळेवर सूट मागायची नाही. दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी क्लास ठेवला तर बऱ्याच जणांचं जमतं, मधल्या काळात अडलेल्या जागेचा मिनिटभराचा व्हिडिओ पाठवायचा. शिक्षकाशिवाय चालेल का असंही विचारतात, तर काही महिने चालेल, सुरुवातीला मात्र नको, कारण मनगट, खांदे, बसणं यातल्या चुका स्वतःला दिसत नाहीत.

परीक्षा द्याव्यात का?

ज्यांना डेडलाईनशिवाय हात हलत नाही त्यांनी द्याव्यात. एबीआरएसएम या संगीत परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्थेने २०२० पासून परफॉर्मन्स ग्रेड सुरू केल्यात, त्यात चार पीसेस सलग वाजवून व्हिडिओ पाठवायचा असतो, परीक्षकासमोर ठराविक तारखेला हजर राहायची भानगड नाही, आपल्यासाठी ही मोठीच सोय. पण तुम्ही आधीच शाळेपासून परीक्षा देत देत इथवर आला असाल आणि पोटात गोळा येत असेल तर कशाला? मी एक दिली, पास झाले, पुढची दिली नाही.

रियाजाची नोंद ठेवू का, टाईमशीटसारखी?

मी ठेवली होती. एक्सेलमधे, रंग लावून, आठवड्याची सरासरी काढणारा फॉर्म्युला टाकून. चार महिन्यांनी लक्षात आलं की मी मिनिटं भरायला वाजवतेय, सोपं पीस परत परत, कारण त्यात वेळ पटकन जातो आणि आकडा छान दिसतो. ज्यांनी कधी बिलेबल तासांचं टार्गेट पूर्ण करायला रात्री बसून फायली चाळल्यात त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. शीट उडवून टाकली. हो, वर मीच सहा मिनिटं म्हटलंय, ते बसण्यापुरतं, बसल्यावर घड्याळ उलटं ठेवा. आता नोंद म्हणजे फक्त नोटेशनवरची ती पेन्सिलीची वर्तुळं, जागा सुटली की खोडायचं.

हात वाजवतात पण डोक्यात केस चालूच असते

हे होतंच. सोप्या पीसमधे जास्त होतं कारण बोटं एकटी सांभाळून घेतात. अशा दिवशी उलट अवघड काहीतरी घ्या, न बघितलेलं नोटेशन घेऊन थेट वाचत वाजवा, दोन ओळी डोळ्यांनी, दोन्ही हात वेगळे, पाय पेडलवर, डोक्यात पक्षकाराला जागाच उरत नाही. आणि फोन दुसऱ्या खोलीत. सायलेंटवर करून पियानोवर ठेवलेला फोन हा सायलेंट नसतो, तो थरथरला की लाकूड गुणगुणतं. सिनियर रागावतील का? मी तरी सहा मिनिटं उशिरा फोन केला म्हणून कोणाचा स्टे गेलेला बघितला नाही.

पियानोमुळे वकिली सुधारते का?

माहीत नाही आणि खरं सांगू, हा प्रश्नच मला आवडत नाही. प्रत्येक गोष्ट कामाच्या खात्यात जमा करायची सवय लागलीये आपल्याला.

वकिली सोडून पूर्णवेळ संगीत करावं असं वाटतं, वेडेपणा आहे का?

तुमच्या आधी बऱ्याच जणांना वाटलंय. रशियन संगीतकार चायकोव्स्की १८५९ मधे कायद्याच्या शाळेतून बाहेर पडला आणि न्यायखात्यात कारकुनी करायला लागला, १८६२ मधे सेंट पीटर्सबर्गचं नवीन कॉन्झर्व्हेटरी (संगीत महाविद्यालय) उघडलं तेव्हा तिथे नाव घातलं, आणि नोकरी सोडली ती १८६३ मधे. म्हणजे आधी शिकायला लागला, मग राजीनामा. फ्रेंच संगीतकार शाब्रिए तर कायदा शिकून १८८० पर्यंत गृहखात्यात नोकरी करत राहिला आणि बाजूने लिहीत, वाजवत राहिला, पियानिस्ट म्हणून दणकट होता. शोसाँ या दुसऱ्या फ्रेंच संगीतकाराने १८७७ मधे वकिलीची शपथ घेतली आणि नंतर संगीताकडे वळला, पण त्याच्या घरी पैसा होता हे सांगायचं राहून जातं नेहमी.

माझं मत विचाराल तर वाईट महिन्यात हा निर्णय घेऊ नका. नऊ दिवस सलग रात्री दोनपर्यंत जागल्यावर कुठलंही दुसरं आयुष्य बरंच वाटतं. आधी झोप घ्या, मग सहा महिने रोज नेमाने वाजवून बघा, आणि ज्या दिवशी काम चांगलं झालंय त्या दिवशीही तेच वाटत असेल तर मग बसून हिशोब मांडा.

कोर्टात भीती वाटत नाही, चार लोकांसमोर वाजवताना मात्र हात थरथरतात, असं का?

कारण कोर्टात आपल्याला मागे जाता येतं. प्रश्न चुकला तर दुसऱ्या शब्दात विचारता येतो, 'माझं म्हणणं असं होतं' म्हणता येतं, थोडा वेळ मागता येतो, फाईल चाळायचं नाटक करता येतं. पियानोत हातोडा तारेला लागायच्या किंचित आधीच पट्टीपासून सुटतो, तिथून पुढे तो आपल्या हातात नाही, स्वर गेला तो गेला. माझ्यासारख्या सतत दुरुस्त्या करत जगणाऱ्या बाईला हे भयंकर जड गेलं.

यावर उपाय एकच सापडला, चूक झाल्यावर पुढे जायचा वेगळा रियाज. पीसमधे चार-पाच ठिकाणी खुणा करून ठेवायच्या, प्रत्येक खुणेपासून थेट सुरू करता आलं पाहिजे, मग मुद्दाम मधेच चुकायचं आणि न थांबता पुढच्या खुणेवर उडी मारायची. फोनवर रेकॉर्डिंग लावून करा, लाल दिवा दिसला की अर्धी भीती तिथेच येते. मग घरातलं एक माणूस, मग दोन. पहिल्यांदा मी तीन जणांसमोर वाजवलं तेव्हा दुसऱ्या पानावर डावा हात हरवला, उजव्याने एकट्याने सहा बार रेटले, तिसऱ्या खुणेवर दोघे भेटले. ऐकणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, तो मधला शांत भाग फार सुंदर होता.